नातीची झोप आणि माझी गाडी

मी एकतीस वर्षं एसटीची लाल गाडी चालवली. जालन्याहून निघायचं, रामनगर, वाटूर फाटा, मंठा, कधी पुढं जिंतूर, आणि तसंच परत यायचं. एवढ्या वर्षांत स्टेअरिंगवर मला एकदाही डुलकी लागली न्हाई. माझ्या मागं मात्र अख्खी गाडी झोपायची. रामनगर गेलं की माना डुलायला लागायच्या आणि वाटूर येईपर्यंत कंडक्टरसुद्धा तिकिटाचं मशीन पोटाशी धरून घोरायचा. हे मी बढाई मारायला सांगून न्हाई राह्यलो. म्हणजे, मारूनच राह्यलो. पण पुढं माझी जी फजिती झाली ती सांगायच्या आधी तेवढी मारून घेतो.

रिटायर झालो आणि जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसलो. घरात मी, माझी बायको, पोरगा, सून आणि सव्वा वर्षाची नात. पोरगा स्टीलच्या कारखान्यात पाळीवर जातो. सून मंठ्याच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. ही नोकरी तिला सुखासुखी मिळाली न्हाई. पाच वर्षं परीक्षा दिल्या, हळद लागली त्या दिवशीसुद्धा पुस्तक उशाशी होतं, आणि ऑर्डर हातात आली तेव्हा नात सहा महिन्यांची. लोक म्हणाले, लेकरू लहान आहे, कशाला जायचं इतक्या लांब. तेव्हा मीच पुढं होऊन म्हणालो, "तू बिनघोर जा. लेकराची फिकीर माझ्यावर सोड."

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, सासूला आत्याबाई. ती म्हणाली, "मामा, जमंल ना तुम्हाला?" मला थोडा रागच आला. पन्नास-साठ माणसं रोज सुखरूप पोचवणाऱ्या माणसाला एक लेकरू जमणार न्हाई का.

आणि जमलंही. बायकोचे गुडघे गेल्यामुळं तिला नात उचलवत न्हाई, म्हणून लेकरू दिवसभर माझ्याकडं. दुपारी एकला झोपायची, तीनला उठायची. रात्री नऊला झोपली की थेट सकाळी. मी बायकोला एकदा बोलूनही दाखवलं की लेकरं सांभाळायची म्हणून बाया उगीच बोभाटा करतात, यात अवघड काय आहे. तिनं आमचा पोरगा वाढवला तेव्हा मी आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडी घेऊन कुठल्या तरी गावात झोपलेला असायचो.

मंग हिवाळ्यात सुनेच्या माहेरी, टेंभुर्णीला लग्न निघालं. माय-लेकी पाच दिवस गेल्या. त्या पाच दिवसांत नात चाळीस मांड्यांवर फिरली, वाजंत्र्यांपुढं जागली, मांडवातच चालायला शिकली, आणि घरी आली ती झोप टेंभुर्णीलाच विसरून आली. दुपारची झोप तर बिलकुल बंद. रात्री तासातासाला उठायची. नुसती रडली असती तर एक वेळ चाललं असतं. ती उठून चालायची. नवी विद्या, सराव नको का करायला? आईच्या पोटावरून निघायची, भिंतीपर्यंत पोचायची आणि मागं वळून टाळ्या वाजवायची. पोरगा त्या महिन्यात रात्रपाळीला, दिवसा घरी झोप होईना म्हणून मित्राच्या खोलीवर झोपायचा, त्यामुळं टाळ्या ऐकायला माझी सून एकटी.

उपाय सगळे झाले. बायकोनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गल्लीतल्या एकीनं सांगितलं, लेकराचं अंथरूण दरवाजासमोर आहे, ते हलवा. हलवलं. दुसरी म्हणाली, जिथं हलवलं तिथंच तर खरी अडचण आहे. शेवटी डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी तोंडात बोट घालून बघितलं, बोट चावून घेतलं आणि म्हणाले, "दाढा येऊन राह्यल्या, चालायला लागली, पाच दिवस दुसऱ्या घरी राहून आली. अशा वेळी झोप मोडते. दोन-तीन आठवड्यांत बसंल आपोआप. वेळ पाळा, खोलीत अंधार करा, शेजारी गप बसा. नवीन खेळ काही लावू नका." मी सगळं बराबर ऐकलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून.

तिकडं शाळेत एक प्रकार झाला. सुनेनं पोरांना पाढे लिहायला दिले आणि खुर्चीवर बसली, ती बसल्या जागी झोपली. दुसरीची पोरं गुणाची. एकानं तोंडावर बोट ठेवलं, बाकीच्यांनी ठेवलं, आणि सगळा वर्ग अर्धा तास तसाच बोटं ठेवून बसला. दुसरीच्या वर्गातून आवाजच येईना, म्हणून हेडमास्तर घाबरून बघायला आले. ते दारातून बोलायला गेले तर पोरांनी त्यांनाच गप केलं. हे सगळं ती घरी येऊन हसून हसून सांगत होती आणि सांगता सांगता तिला रडू फुटलं.

तिनं पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. राजीनामा. अक्षर इतकं सुरेख की मला त्या अक्षराचाच राग आला.

"मामा, रजा सगळी लग्नात गेली. रात्री ही झोपू देत न्हाई, दिवसा शाळेत मी झोपते. पोरांचं नुकसान आणि हिचंही. मी घरी बसते."

"पाच वर्षं काय यासाठी घासली का?" मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो, तसा माझा आवाजच गाडीच्या इंजिनावर कमावलेला आहे.

"मंग काय करू?"

"आठ दिवस दे मला. ती दिवसा वेळेवर झोपली तर रात्रीही झोपंल. दुपारची झोप मी आणतो. न्हाई आली तर खुशाल दे राजीनामा, मी एक शब्द बोलणार न्हाई."

तिनं कागद परत पर्समध्ये ठेवला. "आठ दिवस," म्हणाली.

मी रात्रभर विचार केला. गाडीत माणसं का झोपतात? हादरे बसतात, इंजिन एका सुरात वाजतं, आणि पुढं कुणीतरी जागा आहे एवढा भरवसा असतो. हे तिन्ही माझ्याकडं तयार होते. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी पलंगावर मांडी घातली, नातीला उशीवर टाकून मांडीवर घेतलं, हातात स्टीलचं मोठं ताट धरलं आणि इंजिन सुरू केलं. तोंडानं. पहिला गिअर, दुसरा गिअर, मांडीला हादरे. बायकोला मागं बसवलं, हातात तांब्या आणि चमचा दिला.

"हे काय?" ती म्हणाली.

"तू कंडक्टर. दोनदा वाजव. डबल बेल मिळाल्याशिवाय मी गाडी हलवत न्हाई."

"घरात बसून?"

"नियम तो नियम."

तिनं दोनदा वाजवलं. गाडी निघाली. नात डोळे विस्फारून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी औद्योगिक वसाहतीचे स्पीडब्रेकर घेतले, रामनगर पुकारलं, बायकोनं एकदा वाजवून गाडी थांबवली, दोनदा वाजवून सोडली, आणि रामनगरच्या पुढं एक-दीड किलोमीटरवर नात झोपली. मी बायकोकडं अशा नजरेनं बघितलं की तिनं चमचा खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नात स्वतःच ताट ओढत घेऊन आली. त्या दिवशी रामनगरला झोपली न्हाई. वाटूर फाट्याला झोपली. तिसऱ्या दिवशी वाटूर गेलं, मंठा आलं, तरी ती टक्क जागी. मी थोडी चलाखी केली, मधले दोन थांबे गाळले. तिला ते कळलं. बेल वाजली न्हाई म्हणून तिनं मान वळवून बायकोकडं बोट केलं. मंग परत मागं जाऊन ते थांबे घ्यावे लागले. बायकोला आता मजा यायला लागली होती. ती पिशवी घेऊन वाटूरला चढायची आणि म्हणायची, "बायांना अर्धं तिकीट आहे, पूर्ण मागू नका." नात खदखदा हसायची. मंठ्याला गाडी लागली तेव्हा पावणेतीन झाले होते, माझी मांडी बधिर झाली होती, घसा बसला होता, आणि नात टाळ्या वाजवून परतीची गाडी मागत होती. झोप अशी आलीच न्हाई. त्या रात्री ती जास्तच चालली.

एखादा शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी रूट वाढवला.

चौथ्या दिवशी बायको दळण आणायला गेली होती. कंडक्टर न्हाई, म्हणून बेलही मीच तोंडानं दिली. जाता जाता बायको म्हणाली होती, "दार नुसतं लोटलंय. कडी लावून घ्या." मी म्हणालो, "मी आहे ना." गाडी निघाली. रामनगर, वाटूर, मंठा, जिंतूर. जिंतूरच्या पुढं मला रस्ता नीट आठवेना, म्हणून मी सरळ सपाट रस्ता धरला, इंजिनाचा आवाज एका सुरात लावला, घर्रर्र, घर्रर्र, मांडीला बारीक हादरे, खिडकीतून मऊ ऊन. काय सांगू, इतकी गोड झोप लागली मला. एकतीस वर्षं साठलेली सगळी आली.

जाग आली तेव्हा ताट माझ्या हातात होतं आणि मांडीवर नुसती उशी.

दार उघडं होतं. घाटात ब्रेक लागत न्हाईत अशी भीती मला दोनदा वाटली आहे, ती याच्यापुढं काहीच न्हाई. मी तसाच अनवाणी बाहेर पळालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे, रिक्षा आहेत, मोटरसायकली आहेत. आधी तिकडं पळालो, मंग उलटा पळालो. हातातलं ताट टाकायचं सुचलं न्हाई. एक म्हातारा रिकामं ताट घेऊन गल्लीत धावत होता. किराणावाल्यानं विचारलं, "काका, भंडारा कुठं आहे?" मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत न्हाई.

मंग चौथ्या घरातून खालांनी हाक मारली. खाला म्हणजे आमच्या शेजारीण, साठीच्या, एकट्या राहतात, आणि गल्लीतलं कुठलंही लेकरू त्यांना परकं न्हाई. "भाईसाब, आहिस्ता. बच्ची यहाँ है. सो रही है."

मी आत गेलो. खालांच्या फरशीवर चटईवर माझी नात पालथी झोपलेली. एक हात डोक्याखाली, तोंड उघडं. बाजूला खाला तांदूळ निवडत बसलेल्या. घरात काही आवाज न्हाई, फक्त परातीत खडा पडल्याचा. मी तिथंच खाली बसलो. खालांनी माझ्या हातातलं ताट हळूच काढून घेतलं.

मी विचारलं, "तुम्ही काय केलं? कशी झोपली?"

"मैंने क्या किया? कुछ नहीं किया. मैं चावल चुन रही थी. वो आई, बैठी, देखती रही, लेट गई."

कुछ नहीं किया. डॉक्टरांनी पैसे घेऊन तेच सांगितलं होतं. मी चार दिवस लेकराला झोपवत नव्हतो, मी तिच्यापुढं तमाशा करून राह्यलो होतो. चांगला तमाशा सोडून कोण झोपंल?

पण त्या वेळी माझ्या डोक्यात झोप नव्हती, सून होती. तिला कळलं तर संपलं. आजच्या आज राजीनामा. मी खालांना म्हणालो, "हे कुणाला सांगू नका." त्या म्हणाल्या, "तौबा, मैं किसी को क्यों बोलूँगी." बायको दळण घेऊन आली तेव्हा मी झोपलेली नात खांद्यावर घेऊन घरात शिरत होतो. तिला सगळं सांगावं लागलं. तिनं दळण खाली ठेवून नातीच्या हातापायांवरून हात फिरवला. मंग म्हणाली, "मी सांगणार न्हाई. सांगायचं का न्हाई ते तुमचं तुम्ही बघा."

पाचव्या दिवशी मी दाराला कडी लावली, वर एक नवीन कडी बसवली, खिडकीवर चादर टाकली आणि एक वाजता नातीला चटईवर टाकून शेजारी बसलो. नुसता बसलो. तिनं ताट आणून दिलं. मी घेतलं न्हाई. तिनं चमचा आणला, तांब्या आणला, शेवटी बायकोची पिशवी आणून माझ्या मांडीवर आपटली. मंग रडली. माझ्याकडं बघून, हात पुढं करून, अशी रडली की माझ्या तोंडात पहिला गिअर येऊन अडकला होता. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. गप बसणं ही माझ्या स्वभावातली गोष्ट न्हाई, बायको याला साक्ष आहे. पाऊण तासानं ती थकून झोपली. मला वाटलं, माझ्या काळजाचा दगड झाला.

सहाव्या दिवशी वीस मिनिटं रडली. सातव्या दिवशी ताट आणलंच न्हाई. चटईवर आडवी झाली, माझा अंगठा धरला, दोन-चारदा कूस बदलली आणि झोपी गेली. दोन तास मी अंगठा सोडवून घेतला न्हाई. रात्रीही झोप लागायला लागली. एकदा उठायची, पाणी पिऊन परत पडायची. आठव्या दिवशी सकाळी सून सलग सहा तास झोपून उठली आणि आरशात बघून म्हणाली, "अगंबाई, मी अशी दिसते होय."

तिला आनंद झाला. घर हलकं झालं. मी मात्र तिच्याकडं बघितलं की मला ते उघडं दार दिसायचं. सांगितलं तर नोकरी जाते, तिच्या पाच वर्षांची माती होते, तीही माझ्या एका डुलकीपायी. न सांगितलं तर सगळं गोड. मी चार दिवस हेच उलटंपालटं करत होतो. आमच्या कामात एक रीत होती. गाडीला काही घासलं, कुणी ओरखडा उठवला, तर डेपोत शिरलं की पहिलं ते सांगायचं, मंग हातपाय धुवायचे. जो लपवायचा त्याच्याबरोबर ड्युटी करायला कुणी तयार व्हायचं न्हाई. मी एकदाही लपवलं न्हाई. पण डेपोत फार तर मेमो मिळायचा. इथं काय मिळणार ते मला माहीत होतं.

संध्याकाळी ती शाळेतून आली. नात तिच्या गळ्यात पडली. चहा झाला. मंग तिनं पर्समधून तो कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"मामा, आज आठ दिवस झाले. फाडू का ठेवू? तुम्ही म्हणाल तसं."

आत बायकोच्या भांड्यांचा आवाज थांबला. तोंडातून निघायला एकच शब्द पाहिजे होता. फाड. मी तोंड उघडलं आणि दुसरंच आलं.

"थांब. चौथ्या दिवशी दुपारी मला झोप लागली. दाराला कडी नव्हती. पोरगी बाहेर निघून गेली. दहा-पंधरा मिनिटं ती कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. खालांकडं सापडली म्हणून ठीक. रस्त्याकडं गेली असती तर मी काय करणार होतो? मी तुला आल्याबरोबर सांगायला पाहिजे होतं. घाबरलो, म्हणून न्हाई सांगितलं. आता तू ठरव."

तिनं नातीला मांडीवर नीट घेतलं. मला वाटलं, ऐकू गेलं न्हाई का काय.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही तिला घेऊन खालांच्या घरातून निघालात ना, तेव्हाच खालांनी मला फोन केलता."

"आणि तू चार दिवस काहीच बोलली न्हाई? रोज लेकरू माझ्याकडं टाकून गेली?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी जाताना पाय निघत नव्हता. खालांना म्हणलं, जरा लक्ष ठेवा, म्हणून त्या रोज दुपारी आपल्या दारापुढं ओट्यावर बसून राह्यल्या." तिनं नातीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "मामा, डोळा लागला त्याचं मला काही न्हाई. माझा तर तीस पोरांसमोर लागला. पण लेकरू ज्याच्यापाशी ठेवून मी मंठ्याला जाते, तो माणूस मला खरं सांगतो का न्हाई, एवढंच मला बघायचं होतं. आज तुम्ही नुसतं फाड म्हणाला असता, तर उद्या मी हा हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आले असते."

मी तिच्यापुढं कधी रडलो नव्हतो. तिच्या लग्नातसुद्धा न्हाई, पोरगी घरात येते म्हणून खुशीत होतो. त्या दिवशी रडलो आणि लपवलं न्हाई. नात माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मला वाटतं तिला इंजिन सुरू होईल अशी आशा होती.

सुनेनं कागदाचे चार तुकडे केले, उठली, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, उद्या डबा जरा जल्दी करू. मामांपाशी लेकरू देऊन मला सव्वासहाची गाडी धरायची आहे."